भिंत आहे तेवढीच दिसू द्या

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या घरांच्या जाहिराती जरा नीट पाहा. हॉलचा फोटो असतो. सोफा एका टोकाला, टीव्हीची भिंत पार दुसऱ्या टोकाला आणि मधे मोकळी चकचकीत फरशी. प्रत्यक्ष घर बघायला जावं, तर दारातून चार पावलांत माणूस खिडकीला टेकतो. फोटोत कुणी खाडाखोड केलेली नसते. फोटो काढणारा कोपऱ्यात पाठ लावून उभा असतो आणि त्याच्या कॅमेऱ्यावर अल्ट्रावाइड लेन्स असते, एवढंच. पायाजवळची फरशी पसरते, समोरची भिंत लांब जाते आणि जी जागा नाहीच, तिच्या भरवशावर एखादं जोडपं वीस वर्षांचं कर्ज काढायला तयार होतं.

वाइड की अल्ट्रावाइड हा प्रश्न फक्त कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्यांचा राहिलेला नाही, तो असा. मोबाइलवर 1 आणि 0.5 अशी दोन बटणं असतात. पहिलं म्हणजे साधारण वाइड, दुसरं म्हणजे अल्ट्रावाइड. दिवसभरात लाखो माणसं ही निवड करतात आणि बहुतेक जण ‘सगळं मावतंय’ एवढ्याच कारणासाठी 0.5 दाबतात.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्तीनंतर फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर फोटो काढते. माझा एक जुना विद्यार्थी अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. त्यानेही नुकताच असा कॅमेरा घेतला आणि मला विचारलं, “बाई, 28 घेऊ की 21? का पैसे साठवून सरळ 15 घेऊ?” मी म्हटलं, 28 घे. पण ‘घे’ म्हणून भागत नाही, का ते सांगायला हवं.

आधी हिशेब. 28, 21, 15 हे लेन्सच्या फोकल लेंग्थचे मिलिमीटरमधले आकडे. आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद: 28 म्हणजे वाइड, 21 आणि 15 म्हणजे अल्ट्रावाइड. 35 मिलिमीटर फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद. भिंतीपासून 10 फुटांवर उभं राहिलं, तर 50 च्या लेन्समध्ये तिची सव्वासात फूट रुंदी मावते. 35 मध्ये सव्वादहा, 28 मध्ये जवळपास 13, 21 मध्ये 17 आणि 15 मध्ये पूर्ण 24 फूट. 35 वरून 28 वर आलो की अडीच फूट वाढतात, 21 वरून 15 वर गेलो की सात. आकडे लहान होत जातात तसा फरक मोठा होत जातो, म्हणून ‘28 आणि 15 मध्ये असं काय मोठं’ असं दुकानात उभं राहून म्हणणाऱ्याची फसगत होते.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक खिडकी असते, तिच्यातून बघतो. मधोमध एक लहान फिकट चौकोन असतो, त्यात वस्तू दोन दिसतात. रिंग फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. लेन्स बदलली तरी खिडकीतलं दृश्य बदलत नाही, फक्त त्यातल्या रेषांची चौकट बदलते. 1954 च्या लायका एम3 मध्ये 50, 90 आणि 135 एवढ्याच चौकटी होत्या. 35 ची चौकट त्यानंतरच्या एम2 ने आणली. माझा कॅमेरा मुंबईच्या बोरा बाजारातून जुना घेतलेला फोक्टलेंडर बेसा आर, जपानच्या कोसिना कंपनीने 2000 साली काढलेला. त्याची खिडकी 35 पर्यंत दाखवते. 28 लावली की वर फ्लॅशच्या जागी वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. म्हणजे एका खिडकीतून फोकस, दुसरीतून चौकट. ऐकायला कटकट वाटते, पण हाताला महिनाभरात सवय होते. 28 च्या लेन्सचं छिद्र f/8 वर ठेवून फोकस साधारण पावणेअकरा फुटांवर लावला, की सव्वापाच फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग पहिल्या खिडकीची गरजच उरत नाही.

आता अल्ट्रावाइडची बाजू, कारण ती भक्कम आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा हलतो. त्याला जागा हवी म्हणून अल्ट्रावाइड लेन्स फिल्मपासून दूर ठेवावी लागते आणि त्यासाठी तिची रचना उलट्या दुर्बिणीसारखी करावी लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लेन्सचा मागचा भाग थेट फिल्मजवळ नेता येतो, रचना पुढून-मागून जवळपास सारखी ठेवता येते आणि सरळ रेषा सरळच राहतात. 1954 मध्ये झाइसने कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी 21 ची बायोगोन काढली, ती लुडविग बेर्टेले यांनी आखलेली. चार वर्षांनी लायकासाठी 21 ची सुपर अँग्युलॉन आली. पुढे 1999 मध्ये कोसिनाने 15 ची हेलियार आणली. ती इतकी रुंद, की फोकसची खिडकी तिला जोडण्याची गरजच त्यांना वाटली नाही. अंतर अंदाजाने लावायचं आणि बटण दाबायचं. तळहातावर मावणारी लेन्स आणि 110 अंशांचा कोन! मैत्रिणीची 15 मी काही दिवस वापरायला आणली होती. कोणाला मोह पडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण कडेला काय होतं ते चित्रकलेच्या शिक्षिकेला लगेच दिसतं. यथार्थदर्शनात चौकटीच्या मध्यापासून दूर असलेला चेंडू गोल उमटत नाही, लांबोळका उमटतो. हा लेन्सचा दोष नाही, सपाट कागदावर रुंद कोन उतरवण्याची ती किंमत आहे. 15 च्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या बाईचं डोकं बाहेरच्या दिशेने ओढल्यासारखं होतं. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या, कडेवर पोर घेतलेल्या बाईचा असा फोटो काढणं मला पटत नाही. शिवाय 15 मध्ये माणूस मोठा दिसायचा तर त्याच्या तोंडापासून अडीच-तीन फुटांवर जावं लागतं. 28 ला पाच-सहा फूट पुरतात. त्या अंतरावरून “काढू का हो फोटो?” असं विचारता येतं आणि समोरचा ‘नको’ म्हणाला तर तेही नीट ऐकू येतं.

लोकलचंही तसंच. आपल्या लोकलचा डबा 12 फूट रुंद. सकाळी अंबरनाथला लेडीज डब्यात चढलेली बाई किती दाटीत उभी असते ते इथल्या कुणाला सांगायला नको. 15 मधून तोच डबा लांबलचक बोगदा होतो. जवळची दोन डोकी प्रचंड, मागची सगळी बारीक, आणि मधे प्रत्यक्षात नसलेली मोकळी जागा. गर्दीचा फोटो आणि गर्दीच गायब. दाटी दाखवायला 35 किंवा 28 लागते, कारण त्यांच्यात माणसं एकमेकांना खेटलेलीच राहतात. आम्ही दाटीत राहणारी माणसं आहोत. आमच्या गावांचे फोटो आम्हाला ऐसपैस करून दाखवणार असतील, तर रुळांसाठी, फुटपाथसाठी, मोकळ्या मैदानांसाठी आम्ही भांडायचं कशाच्या आधारावर?

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मात्र मंदिराचं. अंबरनाथचं शिवालय शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधलं. उत्तर दाराच्या आतल्या बाजूला तसा शिलालेख आहे. शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. काळा पाषाण, भूमिज शैली. शिखरावर लहान-लहान शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत जातात. या शिखराचा माथा आज नाही. लोक पश्चिमेच्या दारासमोर, नंदीच्या जवळ उभे राहतात, मोबाइल 0.5 वर ठेवतात आणि वर तिरका करतात. कॅमेरा तिरका झाला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. कोन जितका रुंद तितकं हे जास्त. फोटोत जोतं अवाढव्य होतं, भिंती मागे पडतात आणि शिखर आक्रसून टोक होतं. ज्याने मंदिर पाहिलेलं नाही त्याला वाटतं, वर निमुळतं होत संपलं असेल. माथा तुटलेला आहे हेच त्या फोटोत हरवतं. साडेनऊशे वर्षं ही वास्तू ज्या अवस्थेतून गेली, ती अवस्थाच दिसत नाही.

याला उपाय आहे, आणि तो पायांचा आहे. मागे जा. आवाराची भिंत आड येईपर्यंत मागे जा आणि 35 किंवा 28 लावून कॅमेरा सरळ धरा. मग शिखराच्या रांगा मोजता येतात.

21 ला इथे एक जागा आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यालाही सांगितलं. मागे सरकायला जागाच नसेल, तर 21 उभी धरायची, पातळीत ठेवायची, खालची अर्धी चौकट जमिनीने भरू द्यायची आणि प्रिंट करताना ती कापायची. रेषा उभ्या राहतात. जुन्या लाकडी, भात्याच्या कॅमेऱ्यांत लेन्सची फळी वर सरकवून हेच साधत. मंडपातही तसंच. मधले चार कोरीव खांब आणि त्यांच्यावर वर्तुळात वर्तुळ घेत गेलेलं छत एकत्र घ्यायचं तर दगड चारी बाजूंनी अडवतो, 28 अपुरी पडते. संरक्षित स्मारक असल्याने ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. अशा वेळी आरसा नसलेला कॅमेरा आणि रुंद लेन्स यांची जोडी कामाला येते, कारण 1/8 सेकंदालाही हात धरून फोटो बऱ्यापैकी स्थिर येतो. पायऱ्या उतरून खाली गाभारा आहे, तिथे मी कॅमेरा नेत नाही. तो माझा रिवाज आहे, इतरांना त्याची सक्ती नाही.

पण हे अपवाद झाले. अपवादासाठी लेन्स मागून आणावी, रोजच्यासाठी घेऊ नये.

आणि रोजचं काम खूप आहे. 1868 च्या सुमारास मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टची मंडळी इथे आली होती. त्यांनी नक्षीचे साचे घेतले, मोजून आराखडे काढले, फोटोही घेतले गेले. त्यांनी मोजून काढलं म्हणूनच तेव्हा काय होतं आणि आज काय उरलंय याची तुलना होऊ शकते. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्या पाण्याचं आज काय झालंय ते इथल्या प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक आहे. आजूबाजूला कारखाने, इमारती, वाहनांचा धूर. मूर्तींचे चेहरे झिजताहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते. पण ‘माझ्या डोळ्यांनी पाहते’ हा पुरावा होत नाही. पुरावा होतो तो त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच उजेडात दर वर्षी काढलेला फोटो. दरवेळी वेगळ्या कोनातून 0.5 वर काढलेले हजारो फोटो त्या कामाचे नाहीत, कारण एकाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही. इथल्या कॉलेजांनी, कला महोत्सव भरवणाऱ्यांनी, नगरपालिकेने हे मनावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. आवारात उभं राहण्याच्या काही जागा ठरवाव्यात. लेन्स ठरवावी. प्रिंटच्या मागे तारीख, वेळ, लेन्स आणि भिंतीपासूनचं अंतर लिहावं. मोबाइलनेही चालेल, फक्त बटण 1 चं असू द्या.

माझा स्वतःचा आग्रह फिल्मचा आहे, कारण निगेटिव्ह कपाटात नीट ठेवली तर माझ्यानंतरही कुणी ती उजेडासमोर धरून बघू शकेल. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळत असे तो काळ गेला. आता रोल महाग आहे, 36 फ्रेम जपून वापराव्या लागतात. त्यामुळे 15 चे पैसे वाचले तर त्यात किती रोल येतील, हा हिशेबही मी विद्यार्थ्याला करून दाखवला.

त्याने 28 घेतली. मग कुठली भिंत कधी काढायची, तेही आम्ही ठरवलं. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणून बाजूच्या भिंती दक्षिण आणि उत्तरेला येतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी दक्षिणेच्या भिंतीवरून ऊन घासत जातं, नक्षीची प्रत्येक धार उठून येते, आणि उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते. मे महिन्यात सूर्य उत्तरेला सरकतो, तेव्हा कोवळं ऊन उत्तरेच्या भिंतीला मिळतं. विद्यार्थ्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दक्षिणेच्या भिंतीपासून सुरुवात करायचं आमचं ठरलंय. टेप मी नेणार आहे. आणखी दोघं-तिघं आले, तर मे मधली उत्तरेची भिंत त्यांच्याकडे सोपवता येईल.