खूण वाचणे आणि खूण चोरणे

सुट्टी लागली की केमच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलचे सामने रंगतात. त्यात एक वाद हमखास होतो. नॉन-स्ट्रायकर बॉलरची बोटं पाहतो आणि हळूच फलंदाजाला खुणावतो. ही हुशारी की लबाडी?

१९९९ च्या मोहाली कसोटीत सचिन तेंडुलकरनं हेच केलं होतं. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स चेंडूची चकाकती बाजू झाकून रिव्हर्स स्विंग टाकत होता. नॉन-स्ट्रायकर सचिन ती बाजू हेरायचा. त्यानं बॅट कोणत्या हातात धरली आहे, यावरून राहुल द्रविडला चेंडू आत येणार की बाहेर जाणार ते कळायचं. पुढे केर्न्सलाही संशय आला. डोक्याशी डोकं भिडलं.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये कॅचर बोटांच्या खुणेनं कोणता चेंडू टाकायचा ते पिचरला सांगत असे. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूनं ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी ओळखली, तर नियम आडवा येत नाही. पण २०१७ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघानं कॅमेऱ्यातून खुणा टिपल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला इशारे दिले. त्याच वर्षी ते विजेतेही झाले. २०१९ मध्ये त्यांच्याच एका माजी खेळाडूनं बिंग फोडलं. क्लबला ५० लाख डॉलर दंड झाला, दोन बड्या अधिकाऱ्यांवर वर्षभर बंदी आली. चषक राहिला, इज्जत गेली.

फरक कुठे आहे? सचिन तो किस्सा स्वतः हसत सांगतो. अ‍ॅस्ट्रोजना आपली गोष्ट दडवावी लागली. मुलांना आम्ही हीच कसोटी द्यावी म्हणतो: जिंकल्यावर समोरच्याला तोंडावर सांगता येईल का? येत असेल तर ती अक्कल. नसेल तर नियतीतच खोट.

ही कसोटी घरातही लागू आहे. लेकीचा उतरलेला चेहरा वाचणं हे आईबापाचं काम. ती झोपल्यावर तिचा मोबाइल उघडून चाळणं वेगळं. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसची, म्हणजे दुसऱ्याची गुपितं उकरण्याची, मनाई आहे. काळजी वाटत असेल तर तिला समोर बसवून विचारावं. एकदा चोरून पाहिलं की पुढची खूण ती आपल्यापासूनच लपवते, आणि मग चेहराही वाचता येत नाही.