गिळलेला लाम

इथे रियाधमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि वाईट बातमीही त्याच दिवशी येते. परवाच्या परिपत्रकानुसार आमचा विभाग शेजारच्या विभागात 'मर्ज' झाला. 'दोन्ही विभाग समान' असं त्यात दोनदा लिहिलं होतं, तेव्हाच कळलं की आमचा गेला. घरच्या ग्रुपवर टाकलं, तर मेव्हण्याने विचारलं, 'विलीन? पंचत्वात की अनंतात?' या शब्दाला आपल्या वर्तमानपत्रांनी स्मशानात नेऊन बसवलंय, हे मी पूर्वीच लिहिलंय. नाराजीची पत्रं आली. मत तेच आहे.

विलीन होणं म्हणजे काय हे कळायला इथल्या मलाझ भागात राहण्याचा एक फायदा सांगतो. 'अल मलाझ' म्हणताना लाम, म्हणजे आपला ल, खणखणीत ऐकू येतो. शहराचं नावही 'अल'नेच लिहितात, पण म्हणतात 'अर-रियाध'. लाम पुढच्या 'र'च्या पोटात गेला आणि 'र' दुप्पट झाला. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 अशी लाम गिळणारी, ती सूर्याक्षरं. उरलेली 14 चंद्राक्षरं लामाच्या वाटेला जात नाहीत; मलाझचा 'म' त्या सज्जनांपैकी. गंमत म्हणजे गिळलेला लाम लिहिण्यात कायम राहतो. दिसायचं, पण बोलायचं नाही. ऑफिसात अशा माणसाला मानद सल्लागार म्हणतात.

बँका तेवढाही मान ठेवत नाहीत. 1 एप्रिल 2021 ला इथली सांबा बँक नॅशनल कमर्शिअल बँकेत गेली आणि नाव झालं सौदी नॅशनल बँक. आपल्याकडे स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली, देना आणि विजया 1 एप्रिल 2019 ला बडोद्यात. तारीख एप्रिल फूलचीच का, असं विचारू नये. पण नांदेडला सासूबाई आजही 'हैदराबाद बँकेत जाऊन येते' म्हणतात. पाटी उतरली, उच्चार राहिला. लामाच्या बरोबर उलट!

आपणहून लाम व्हायला निघालेले मला एकच माहीत आहेत, एसटीचे कर्मचारी. 2021-22 मध्ये 'आम्हाला सरकारात विलीन करा' म्हणून महिनोन्महिने संपावर बसले. त्रिसदस्यीय समितीने नको म्हटलं. सरकार बाकी काय काय गिळतं, पण इथे नेमकं चंद्राक्षर निघालं.

आमच्या दारावरची जुन्या विभागाची पाटी अजून कुणी काढलेली नाही. चहावाला मात्र सोमवारपासून शेजारच्या विभागाचं नाव पुकारत आत येतो.

— मलाझकर