कॅरमच्या बोर्डावरही सम्यक वाचा हवी



एप्रिल महिना जवळ आला की अकोला-अमरावतीच्या वस्त्या-वस्त्यांमधून जयंतीची तयारी सुरू होते. वर्गणी, मंडप, व्याख्याने आणि त्यासोबत कॅरम-बुद्धिबळाचे सामने. पोरांनी सट्टा-पत्त्यांपासून दूर राहावे, विहारात यावे, हा त्यामागचा चांगला हेतू. परंतु तेथे आलेले प्रत्येक लेकरू मानाने खेळू शकते काय, हा प्रश्न आम्ही कार्यकर्ते स्वतःला फारसा विचारत नाही.

मीही विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत कॅरमचे सामने होते. नावे लिहून घ्यायला मी टेबलावर बसलो होतो. बांधकामावर जाणाऱ्या एका भगिनीची नववीतली मुलगी पहिल्या दिवशी दोन सामने जिंकली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. घरी गेलो तर म्हणाली, "काका, मी नाई येत आता खेळाले. पोट्टे काईबाई बोलतेत."

ती वाकून स्ट्रायकर मारायची, त्यावर पोरांनी शेरे मारले होते. ते माझ्याही कानावर पडले होते. पोरांची मस्करी समजून मी वहीत मान घालून बसलो होतो. तिची आई एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमी होते ना तिथं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे आपल्याच वस्तीत घडते असे नाही. १९७६ साली रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला. दार उघडले, पण नजर बदलली नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धा खेळून आलेल्या आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुखने जाहीरपणे लिहिले की, प्रेक्षकांचे लक्ष तिच्या खेळाकडे नव्हते, तर कपडे, केस आणि बोलण्याच्या ढबीकडे होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढे जुलै २०२५ मध्ये तिने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तिने खेळ सोडला नाही. आपल्या वस्तीतली मुलगी मात्र कॅरम सोडून घरी बसते, आणि त्याची बातमी होत नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या काळी आपल्या माताभगिनी हजारोंच्या सभेत निर्भयपणे बसल्या. मग आज त्यांच्या नातींना विहाराच्या अंगणात कॅरम खेळायची भीती का वाटावी?

म्हणून जयंती उत्सव समित्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सामन्याआधी वागणुकीचे नियम मोठ्याने वाचावेत. कोणाच्या अंगावर, कपड्यावर, जातीवर, गरिबीवर वा अपंगत्वावर शेरा चालणार नाही, हे सर्वांसमोर सांगावे. तक्रार ऐकायला एक बाई व एक पुरुष नेमावा आणि त्यांची नावे फळ्यावर लिहावीत. तक्रार बाजूला बसून ऐकावी. मुलीला घरी पाठवू नये, शेरे मारणाऱ्याला पाठवावे, मग तो अध्यक्षांचा पुतण्या का असेना. दारू पिऊन आलेल्यास मंडपात घेऊ नये, पाचवे शील आपण रोज म्हणतोच. मुलींचे सामने दिवसाउजेडी घ्यावेत. नवख्याला हसू नये, शेजारी बसवून शिकवावे. ज्याच्याकडे प्रवेश फी नाही, त्याची समितीने भरावी.

प्रकार गंभीर असेल तर आपसांत मिटवामिटवी करू नये. अठरा वर्षांखालील लेकराशी लैंगिक छेडछाड झाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. लेकराचे नाव चव्हाट्यावर आणू नये.

आम्ही पुढच्या वर्षी हे नियम वाचले. शेरा मारणाऱ्या एका चांगल्या खेळाडूला चालू सामन्यातून उठवले. दोन दिवस कुरबूर झाली, वर्गणीही थोडी कमी आली. ती मुलगी काही परत आली नाही. तिची धाकटी बहीण मात्र नाव लिहायला आली. सोबत आई होती. ती काही न बोलता मागच्या सतरंजीवर बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली.

अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा फक्त वंदनेपुरती नसते. बोर्डाभोवती जमलेल्या पोरांच्या तोंडी ती आली पाहिजे, आणि त्याआधी टेबलावर बसलेल्या आम्हा मोठ्यांच्या. गप्प बसणारा कार्यकर्ताही त्या शेऱ्यात सामील असतो, हे मी उशिरा शिकलो. तुम्ही उशीर करू नका.