रबर उचला, आकडे शिका

रात्री दस्तरखान आवरला की बऱ्याच घरांत एकच दृश्य दिसते. मूल वही घेऊन बसते, अब्बा विचारतात, "फिफ्टीन की फिफ्टी? नीट ऐक!" आणि मूल गप्प होते. चूक एका आकड्याची असते, पण मनात धाक बसतो तो इंग्रजीचा. आम्हीही आमच्या मुलांवर असेच ओरडलो आहोत, हे कबूल करायला हवे.

जपानमधल्या शिक्षकांपुढेही हाच पेच असतो. तिथल्या प्राथमिक शाळांत २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख सक्तीची झाली; २०२० पासून ती तिसरीपासूनच सुरू होते. जपानी मोजणी अगदी सरळ आहे. अकरा म्हणजे 'जू-इची', दहा-एक. पंचवीस म्हणजे 'नि-जू-गो', दोन-दहा-पाच. अशा मुलाला 'इलेव्हन', 'ट्वेल्व्ह' हे शब्द परके वाटतात. 'थ्री'चा पहिला आवाज त्याच्या भाषेत नाही, म्हणून तोंडातून 'सुरी' निघते. थर्टीन आणि थर्टी तर कानाला सारखेच!

म्हणून तिथे खेळ खेळतात. दोन मुले समोरासमोर बसतात, मध्ये एक खोडरबर. आधी एक आकडा ठरवतात, समजा थर्टीन. शिक्षक उलटसुलट आकडे म्हणतात, सारा वर्ग मागून म्हणतो. ठरलेला आकडा आला की जो आधी रबर उचलेल तो जिंकला. दुसऱ्या खेळात मुले आळीपाळीने एक, दोन किंवा तीन आकडे पुढे मोजतात. ज्याच्यावर 'ट्वेंटी-वन' म्हणायची पाळी येते तो हरतो.

पहिल्या खेळातली खुबी लक्षात घ्या. आकडे क्रमाने येत नाहीत, म्हणून पाठांतर कामी येत नाही. कान लावावाच लागतो. शिवाय सगळे एकसाथ बोलतात, त्यामुळे कुणा एकाची चूक उघडी पडत नाही.

आपल्या मुलांची अडचण थोडी वेगळी आहे. 'पंचवीस'मध्ये आधी पाच ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतात, लिहायचे मात्र २९. घरात कुणी 'उनतीस' म्हणते, शाळेत 'ट्वेंटी-नाइन'. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशा वाचनाची पद्धत आणली, तेव्हा मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवू. मुलांची अडचण मात्र खरी आहे.

तेव्हा आज रात्री वही मिटून ठेवा. भावंडांच्या मध्ये एक रबर ठेवा आणि आकडे तुम्ही म्हणा. मधूनमधून पाळी मुलांकडे द्या, रबर उचलायला अम्मी-अब्बांनी बसावे. एकदोनदा आपण चुकलो आणि मूल खळखळून हसले, की समजा धाक निघायला सुरुवात झाली.