पंधरा मिनिटांचा ऑक्सिजन

दादाने गळ्यातली तुळशीची माळ काढून वहिनीच्या हातात दिली, तेव्हा तिचा चेहरा पाहवला नाही. आमचं घर वारकऱ्यांचं, माळ अशी उतरत नाही. पण त्या पारदर्शक नळकांड्यात माळ चालत नव्हती, घड्याळ नाही, मोबाईल नाही, अंगाला तेलाचं बोटसुद्धा नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तर काय होईल, हे मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस जाणून होतो. दार बंद झालं, दाब वाढला आणि दादा आवंढे गिळत कान मोकळे करू लागला. दीड तासाची एक बैठक. चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ.

दादाच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा होता. शस्त्रक्रिया झाली होती, रेडिएशन चालू होतं. "भाऊजी, ऑक्सिजन तर चांगलाच असतो ना? करोनात त्यानेच माणसं वाचली," वहिनी म्हणाली. मी दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव. रक्तातलं हिमोग्लोबिन भरलेलंच होतं. दाबाखाली जास्तीचा ऑक्सिजन रक्तद्रवात विरघळतो, हे खरं. दाबाच्या ऑक्सिजनची ही पेटी म्हणजे थोतांड नव्हे. पाणबुड्यांना, कोळशाच्या धुराने गुदमरलेल्यांना, रेडिएशनने पुढे ऊतक झडू लागलेल्या काही रुग्णांनाही ती उपयोगी पडते.

मेंदूच्या गाठीशीही ऑक्सिजनचं नातं आहे. ही गाठ रक्तवाहिन्यांना न जुमानता वाढते, त्यामुळे तिच्या पोटात जागोजागी ऑक्सिजनचा दुष्काळ असतो. अशा उपाशी पेशी मारायला अडीच-तीनपट रेडिएशन लागतं. इंग्लंडमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली हे मांडलं. रेडिएशनचं माप आज 'ग्रे' म्हणून ओळखलं जातं ते त्यांच्याच नावाने. पुढे दोनच वर्षांत लंडनमध्ये रुग्णांना दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून रेडिएशन दिलं गेलं. जपानी डॉक्टरांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना पेटीतून बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांच्या आत रेडिएशन दिलं, कारण गाठीत पोचलेला ऑक्सिजन टिकत नाही. त्यांचे निकाल आशादायक होते, पण रुग्ण थोडे. युरोपात दाबाशिवाय, कार्बोजेन नावाचा वायू आणि एक जीवनसत्त्व देऊन प्रयोग झाला, तो ग्लायोब्लास्टोमात फसला.

आता आमचं पाहा. रेडिएशन सकाळी, शहराच्या या टोकाला. ऑक्सिजन संध्याकाळी, त्या टोकाला, सिंहगड रस्त्यावरचा सहाचा ट्रॅफिक पार करून. पंधरा मिनिटांत आम्ही चौकही ओलांडत नव्हतो. रेडिएशनच्या डॉक्टरांशी त्या केंद्रातलं कोणी बोललं नव्हतं. दादाला आधी दोनदा फिट आली होती आणि जास्त ऑक्सिजननेही फिट येऊ शकते. त्यांच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

भिंतीवर मात्र ऑटो वारबुर्ग यांचा फोटो होता: ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही, या शोधाला 1931 चं नोबेल. नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी. कॅन्सरबद्दल वारबुर्ग यांना जे दिसलं ते तर उलट होतं: ऑक्सिजन समोर असूनही या पेशी साखर आंबवत राहतात. दहावीच्या मुलाने भिंतीवरचं ते वाक्य लिहिलं असतं तर मी लाल पेन उचललं असतं.

2005 पासून ग्लायोब्लास्टोमात साठ ग्रे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हाच रूढ उपचार आहे. मूळ चाचणीत गोळ्यांमुळे आयुष्याचा मध्यांक 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेला. वाढ अडीच महिन्यांची. एवढ्या तुटपुंज्या काळात माणसाच्या किती संध्याकाळी रस्त्यात घालवायच्या?

म्हणून आरोग्य खात्याकडे मागणं छोटं आहे. गाठीच्या रुग्णाला पेटीत घेण्याआधी अशा केंद्रांना मराठीत लेखी द्यायला लावा: त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं का, रेडिएशन किती मिनिटांनी आहे, फिट येते का, आणि हा उपचार सिद्ध आहे की प्रयोग. प्रयोग असेल तर त्याचे पैसे रुग्णाकडून कसे घेतले जातात, तेही.

तिसऱ्या बैठकीनंतर दादाच म्हणाला, "बस झालं, माळ दे." वहिनीने ती पदराने पुसून त्याच्या गळ्यात घातली. उरलेल्या सदतीस बैठकांची पावती अजून फाइलमध्ये आहे. पैसे परत मिळणार नाहीत, हे तिच्या मागे बारीक इंग्रजीत छापलंय.