जंतूंची वंशावळ कळली तर...

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधन रुग्णालयात जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून एक महिला रुग्ण दाखल झाली. कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांनाही दाद न देणारा ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए’ हा जिवाणू तिच्या शरीरात होता. तिला वेगळे ठेवले गेले; जुलैत ती घरी गेली. तीन आठवडे सारे शांत होते. ऑगस्टमध्ये मात्र दुसऱ्या रुग्णात तसाच जिवाणू सापडला आणि पाठोपाठ नवे रुग्ण आढळू लागले.

हा जंतू बाहेरून नव्याने आला होता, की आतच पसरत होता? नेहमीच्या कल्चर तपासणीतून जिवाणू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, एवढेच समजते. म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी जिवाणूंचा संपूर्ण जनुकक्रम वाचला. सुमारे ६० लाख अक्षरांच्या या क्रमात काळानुसार मोजके बदल होतात. दोन नमुन्यांत फरक जितका कमी, तितके त्यांचे नाते जवळचे. अशी वंशावळ जुळवल्यावर साऱ्या साखळीचे मूळ पहिल्या रुग्णापाशी निघाले. मधल्या काळात लक्षणे नसलेल्या रुग्णांमार्फत जंतू पसरत होता. स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या निचऱ्यातही तो मिळाला. वर्षअखेरपर्यंत १८ रुग्णांमध्ये तो आढळला. त्यातील ११ जण दगावले. सहा मृत्यू या संसर्गामुळे झाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रतिजैविकरोधाच्या नोंदींसाठी २०१३ मध्ये रुग्णालयांचे जाळे उभारले. कोणते औषध किती निष्प्रभ होत आहे, हे त्यातून कळते. पण एखाद्या अतिदक्षता विभागात तिघांना सारखाच संसर्ग झाला, तर तो योगायोग की साखळी, हे ठरवायला जनुकीय तपासणीच हवी. करोनाकाळात ‘इन्साकॉग’च्या निमित्ताने जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे देशात तयार झाले. हे कौशल्य रुग्णालयांच्या कामी आणता येईल.

मात्र अहवाल साथ संपल्यावर हाती आला, तर त्याचा उपयोग फक्त शवविच्छेदनाइतकाच. शिवाय त्यातले उत्तर अडचणीचे असू शकते. चूक आपल्याच वॉर्डात झाली, असे ते सांगते. बेथेस्डातील रुग्णालयाने आपली चूक २०१२ मध्ये शोधनिबंधातून जगासमोर मांडली. यंत्रे विकत घेता येतात. हा प्रांजळपणा मात्र अंगी बाणवावा लागतो. साखळी तुटते ती शेवटी धुतलेल्या हातांनी, वेळेवर केलेल्या तपासणीने आणि वेगळ्या ठेवलेल्या खाटेने. ती नेमकी कुठे तोडायची, हे जनुके सांगतात.