लाइन बंद, फोन बंद की कंपनी बंद?



आमच्या गल्लीतल्या काकू लक्ष्मीपुरीत भाजी घेऊन बसतात. मुलगी मुंबईला, दिवस भरत आलेले. अशा वेळी एका दुकानदाराने "स्वस्तातला पॅक देतो" म्हणून त्यांचा जुना नंबर दुसऱ्या कंपनीत घालून दिला. नंबर बदलून झाला आणि त्यांचा बटणांचा फोन मुका झाला. दुकानात गेल्या तर उत्तर मिळाले, "मावशी, फोन जुना झाला, आता मोठा घ्या." काकू हप्त्यावर फोन घ्यायला निघाल्या होत्या. फोन मात्र धडधाकट होता.

आपण सगळ्याला एकच शब्द वापरतो, "लाइन न्हाई." पण बिघाड कधी हातातल्या यंत्रात असतो, कधी तारेत, कधी कंपनीच्या बाजूला. नेमका कुठे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला कोणीही परत पाठवतो.

आधी घरचा जुना फोन घ्या. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात, त्यांना जोडी म्हणतात. वाटेत खांबावर किंवा भिंतीवर एक छोटी पेटी असते, ती डीपी. तिथून घरात येते ती शेवटची तार. रिसिव्हर उचलल्यावर येणारा एकसुरी आवाज म्हणजे डायल टोन. तो आला तर एक्स्चेंजपर्यंतची जोडी शाबूत आहे असे समजावे. पाऊस पडला की खरखर सुरू होते, कारण जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरते. मग हँडसेट बदलून काय उपयोग? दुसरा चालू फोन आणून लावून बघावा. तोही गप्प असेल तर दोष तारेत. शेजाऱ्याचाही बंद असेल तर दोष तुमच्या घराबाहेर, आणि तो दुरुस्त करणे कंपनीचे काम. तक्रार करताना हेच सांगावे आणि डॉकेट नंबर लिहून घ्यावा. त्याशिवाय तक्रार केली हे सिद्ध करता येत नाही.

या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर साधा वायरचा फोन चालतो, घरात दिवे नसले तरी. फायबरचे तसे नाही. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातली पेटी बंद पडली की फोन बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा किती गावे अंधारात होती ते आपण पाहिले आहे. म्हणून तांब्याची लाइन काढून फायबर घेताना पेटीसाठी बॅटरी मिळेल का, हे जरूर विचारावे.

आता आकड्यांकडे. कोल्हापूरचा कोड ०२३१, इचलकरंजीचा ०२३०, मुंबईचा ०२२. पुढचे शून्य म्हणजे "गावाबाहेर जायचे आहे" अशी एक्स्चेंजला खूण. ते सोडून मोजा: कोल्हापूरचे २३१ आणि पुढे सात आकडे, मुंबईचे २२ आणि पुढे आठ. दोन्हीकडे बेरीज दहाच. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइल लावतानाही आधी शून्य लागते. पुष्कळ वयस्क मंडळींना ही गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही आणि ती "नंबर लागत नाही" म्हणून बसून राहतात.

एसटीडीच्या आधी ट्रंक कॉल होता. ऑपरेटरकडे नोंदवून तासन् तास वाट पाहायची. (आमच्या पत्रिकांवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे पी.पी. लिहीत. शेजारी मनाने मोठा असला तर हाक मारायचा, नाहीतर निरोप तिथेच राहायचा.) दोन गावांमधल्या तारांच्या एकाच जोडीवरून एकाच वेळी बारा-बारा संभाषणे जात. प्रत्येकाला वेगवेगळ्या कंपनसंख्येच्या लहरीवर चढवून नेत. नेणारी लहर ती कॅरिअर, म्हणजे वाहक. आता मोबाइलच्या सेटिंगमध्ये कॅरिअर असे दिसते तेव्हा अर्थ असतो, आपले बोलणे वाहून नेणारी कंपनी.

स्क्रीनवरचे शब्दही वाचायला शिकले पाहिजेत. "नो सर्व्हिस" म्हणजे फोनला आपल्या कामाचा एकही टॉवर सापडत नाही. "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" म्हणजे आपल्या कंपनीशी जोडणी नाही, पण दुसऱ्या कुणाचा टॉवर आहे. त्यावरून ११२ लागतो. ही ओळ दिसली म्हणजे फोन मेला असे नव्हे.

काकूंचे नेमके काय झाले? त्यांचा फोन फक्त २ जीचा. जिओने २०१६ साली सेवा सुरू केली ती थेट ४ जीवर, तिच्याकडे २ जी नाहीच. त्यामुळे तसल्या फोनात ते सिम चालत नाही. यात लपवाछपवी काही नाही, पण सिम घालण्याआधी फोन हातात घेऊन बघणे हे दुकानदाराचे काम होते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर एसएमएस पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. पण एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. काकूंना हे कळले तेव्हा त्या डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी सुनेच्या स्मार्टफोनमध्ये दुसऱ्या सिमची रिकामी जागा निघाली, तिथे त्यांचे सिम बसवले. नात झाल्याची बातमी त्याच फोनवर आली, सुनेने बाजारात धावत जाऊन सांगितली.